मिरज ते हुबळी, स्टेशनागणिक गाणं: रेडिओ मालिकेत मी बोलू किती?

मलप्रभाकाठ (बेळगाव):

नमस्कार मंडळी. मी बेळगावची, माहेर खानापूर तालुक्यात. एका मराठी दैनिकाच्या रविवार पुरवणीत गाण्यावर सदर लिहिते आणि इथल्या सामुदायिक रेडिओवर दर आठवड्याला अर्ध्या तासाचा कार्यक्रम करते. तुमच्यातले काही जण तो ऐकतात, म्हणून इथेच विचारावंसं वाटलं.

सध्या तीन कामं हातात आहेत. सदरातले निवडक लेख पुस्तकासाठी पुन्हा लिहितेय, ते आपल्या गतीनं होईल. दुसरं काम जात्यावरच्या ओव्यांचं. खानापूरकडच्या गावांतून म्हाताऱ्या बायकांच्या आवाजात त्या ध्वनिमुद्रित करतेय. तिसऱ्यात मात्र माझा सगळा जीव गुंतलाय. मिरजेहून निघून कुडची, रायबाग, घटप्रभा, सुळेभावी, बेळगाव, खानापूर, लोंढा, धारवाड करत हुबळीपर्यंत जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या गाण्याची मालिका. एका भागात एक स्टेशन.

हा मार्गच का, ते सांगते. आपल्याकडचं गाणं या रुळांवरून फिरलंय. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि तिथून धारवाड-हुबळीकडे त्यांचं येणं-जाणं होतं. कुंदगोळचे रामभाऊ त्यांच्याकडे शिकले आणि सवाई गंधर्व झाले. धारवाडजवळच्या मनसूरचे मल्लिकार्जुन अण्णा नीलकंठबुवा अलूरमठांकडे शिकायला मिरजेलाच गेले. बेळगावच्या अलीकडचं छोटं स्टेशन सुळेभावी, तिथं ८ एप्रिल १९२४ ला शिवपुत्र कोमकळीमठ जन्माला आले, म्हणजे आपले कुमार गंधर्व. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि तिथं अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल स्वागतगीत गायल्या. शंभर-दीडशे मैलांच्या एका पट्ट्यात एवढं! आणि हे सगळं घडलं तेव्हा बेळगाव, धारवाड मुंबई इलाख्यात होतं आणि मिरज संस्थान. म्हैसूर राज्यात आपण आलो ते १ नोव्हेंबर १९५६ ला. गाणारी माणसं तोवर कितीतरी वेळा इकडून तिकडे जाऊन आली होती.

आता अडचण. पेपरात लिहिताना गाणं कागदावर नसतं, म्हणून सुराचा भास शब्दांनीच उभा करायचा असतो आणि ते मला आवडतं. रेडिओवर सूर स्वतःच हजर असतो. तिथं माझं तेच वाक्य आडवं येतं. पहिल्या भागाचा मसुदा मोठ्यानं वाचला, तर अर्ध्या तासातला बराचसा मीच बोलतेय. जुन्या तबकड्यांचं एक बरं, एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची, अख्खी लावता येते. पण किराण्याचा विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला, ख्याल अर्ध्या तासात कसा दाखवायचा? कापायचा तर कुठं? धारवाडकडची मंडळी कानडीत बोलणार, त्यांच्या आवाजावर माझा मराठी आवाज चढवायचा का? आणि जुन्या ध्वनिमुद्रणांच्या हक्कांचं काय? मनापासून सांगा, कडक सांगितलंत तरी चालेल.

निपाणीचा_श्रोता:

ताई, मी तुमचा कार्यक्रम मुलगा फोनवर पाठवतो तेव्हा ऐकतो, कारण तुमचं केंद्र आमच्या निपाणीपर्यंत पोचत नाही. माझं सगळं आयुष्य सांगली केंद्र आणि धारवाड केंद्र यांच्यामधे गेलं. धारवाड १९५० च्या जानेवारीत सुरू झालं, सांगली १९६३ ला. रात्री मिडियम वेव्हवर काटा थोडा इकडं सरकवला की सांगली, थोडा तिकडं की धारवाड. घरात कुणाला कानडी वाचता येत नव्हतं, पण मल्लिकार्जुन अण्णांनी गायलेली शिवशरणांची कानडी वचनं लागली की आमची आई चूल फुंकायची थांबायची बघा.

तेव्हाचे निवेदक काय सांगायचे? गायकाचं नाव, राग, ताल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण. एवढं झालं की गप्प. आम्हाला तेवढं पुरायचं. तुम्ही त्याहून जास्त सांगा, तुमचा अभ्यास आहे. पण तंबोरा सुरू झाला की बोलू नका. तंबोऱ्यावर बोललेलं ऐकलं की माझा जीव तुटतो.

एक सुचवू का? तबकडी पहिल्यांदा नुसती लावा. मग तुम्हाला त्यात जे दिसतं ते चार-पाच मिनिटं सांगा. आणि मग तीच तबकडी अख्खी परत लावा. साडेतीन मिनिटांचं गाणं दोनदा ऐकलं तर सातच मिनिटं होतात. दुसऱ्यांदा ऐकताना श्रोत्याचे कान तुम्ही सांगितलेल्या जागेची वाट बघत असतात. मग विशेषणं लागतच नाहीत.

ठेका_धारवाड:

मी तबला वाजवतो, मातृभाषा कानडी, मराठी बेळगावच्या मित्रांनी शिकवलं. चुकलं तर सांभाळून घ्या.

विलंबिताचं असं बघा मॅडम. किराण्याच्या अतिविलंबित एकतालात एका मात्रेला चार सेकंद धरले तरी बारा मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, अठ्ठेचाळीस सेकंदांचं होतं. म्हणजे दहा मिनिटांत साधारण बारा आवर्तनं. तुम्ही मिनिटं मोजू नका, आवर्तनं मोजा. सुरुवातीची तीन आवर्तनं द्या, म्हणजे मुखडा, बंदिशीची सुरुवातीची ओळ, कानात बसतो. मग गायक मध्य सप्तकातून वर चढून तार षड्जाला पोचतो तो भाग शोधा आणि तिथं सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आल्यावर जोडा. दोन तुकड्यांच्या मधे तुम्ही एक वाक्य बोला, "आता काही वेळानं" एवढंच. कापलंय हे लपवू नका. आणि बाहेर पडताना समेनंतर आवाज उतरवा. समेच्या आधी, तिहाईच्या, म्हणजे तीनदा येणाऱ्या तुकड्याच्या, मधे गाणं तोडलं तर आमच्यासारख्याला पायरी चुकल्यासारखं होतं.

कानडीबद्दल. आमच्या लोकांचा आवाज झाकू नका. आधी मराठीत दोन वाक्यांत सांगा की हे काय सांगणार आहेत, मग त्यांना बोलू द्या. तुमचे ऐकणारे बेळगावचे, त्यांना बाजारात, बसमधे रोज कानडी ऐकू येतं. भीमसेनजी पुण्यात मराठी अभंगांची संतवाणी गायचे आणि त्याच गळ्यानं कानडी संतकवी पुरंदरदासांची पदं दासवाणीत गायचे. त्यांच्या मैफलीत कुणी मधे उभं राहून अर्थ सांगत नव्हतं. धारवाडच्या भागाला दोन्ही लावा, एकापाठोपाठ एक. माझी फार इच्छा आहे.

गोकाकचा_पोरगा:

मस्त कल्पना ताई! एक सुचवतो, ओव्यांखाली हलकी बासरी किंवा तंबोरा टाका, तरुण पोरं ऐकतील. आणि प्रत्येक भागाची मिनिटभराची रील काढा. पाहिजे तर रील मी करून देतो, संपादन येतं मला. एक विसरू नका, घटप्रभेच्या भागात श्रीकृष्ण पारिजात हे कानडी लोकनाट्य आलंच पाहिजे. कुलगोडच्या तम्मण्णांचा हा खेळ, कौजलगीच्या निंगम्मांनी तो गाजवला. आमचे आजोबा रात्रभर बसून बघायचे.

चिकोडीची_वकील:

हक्कांचं मी सांगते. कॉपीराइट कायदा १९५७ चा. ध्वनिमुद्रण प्रकाशित झालं की त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे १९६० साली बाजारात आलेली तबकडी २०२० संपताना मोकळी झाली. खाँसाहेब १९३७ ला गेले, त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांची काळजीच नको.

पण तबकडी मोकळी झाली म्हणजे तिच्यावरचं पदही मोकळं झालं असं नाही. पद लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं शब्दांचा हक्क वेगळा असतो. परंपरेतली बंदीश असेल तर प्रश्न नाही, नाट्यपद किंवा भावगीत असेल तर कवी कधी गेले ते बघा. जुनं ध्वनिमुद्रण कुणी साफ करून नव्यानं काढलेलं असेल तर ती प्रत वापरू नका, कुणाकडून तरी मूळ तबकडी मिळवून त्यावरून घ्या. उगाच वादाला जागा नको.

तुमच्या बाबतीत खरी मेख पुढे आहे. रेडिओ केंद्रांना कलम ३१ डी खाली आधी नोटीस देऊन आणि ठरलेलं मानधन भरून हक्क असलेली गाणी लावायची सोय आहे. तीच सोय इंटरनेटला लागू होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मधे सांगितलंय. निपाणीच्या काकांना तुमचा कार्यक्रम फोनवर मिळतो, म्हणजे तुमचे भाग नेटवर जातात. तेव्हा साठच्या दशकाच्या मध्यानंतरचं काही लावणार असाल, तर नेटवरच्या प्रतीसाठी कंपनीची वेगळी लेखी परवानगी लागेल. नाहीतर नेटवर तेवढा भाग वगळा.

ओव्यांबद्दल तर कळकळीनं सांगते. ओवी कुणा एकीची नसली तरी तिचं गायन गाणारीचंच आहे. कायद्यात कलाकाराचा हक्क आहे, तो ५० वर्षांचा. सही येत नसेल तर मशीन सुरू करून तिच्याच तोंडून नाव, गाव आणि संमती घ्या. रेडिओला, नेटला आणि पुस्तकाला, तिन्हींना वेगवेगळी विचारा. एखादी म्हणेल रेडिओवर चालेल, नेटवर नको. तिचं ऐकायचं.

तारकाम_मिरज:

आमचं घराणं तंतुवाद्यं बनवणारं. पहिला भाग मिरजेचा करताय, तर गायकांच्या आधी तंबोऱ्याकडे या. इथं हे काम सुरू केलं फरीदसाहेब शिकलगारांनी, एकोणिसाव्या शतकात. मूळचा धंदा तलवारींना धार लावायचा. २०२४ मधे मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

भोपळा पंढरपूरकडून येतो, तो नीट वाळवावा लागतो. त्याला लाकडाचा गळा, दांडी, वर तबली, मग पॉलिश, खुंट्या, घोडी, मणी. हे सगळं झालं तरी तंबोरा बोलत नाही. घोडीचा माथा कानसेनं घासत घासत असा उतार द्यायचा की तार तिथं नुसती टेकून न राहता घासून थरथरली पाहिजे. त्याला आम्ही जवारी काढणं म्हणतो. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, केसभर पुढं, केसभर मागं, आणि एका जागी आवाज फुलतो.

तुमच्या मायक्रोफोनसमोर मी हे करून दाखवतो. दोरा नसताना, दोरा जागेवर नसताना आणि दोरा जागेवर आल्यावर. तिन्ही आवाज पाठोपाठ लावा. मग तुम्हाला काही बोलावंच लागणार नाही.

मलप्रभाकाठ (बेळगाव):

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मसुदा पुन्हा उघडून बसले. काय काय ठरवलं ते सांगते.

निपाणीच्या काकांची सूचना मला सगळ्यात पटली. तबकडी दोनदा. मी जे पान-पान लिहून सांगत होते, ते दोन ऐकण्यांच्या मधल्या चार मिनिटांत बसतं. न बसणारं रविवारच्या सदरात जाईल, तिथं त्याला जागा आहे. खाँसाहेबांच्या एका ठुमरीवर करून बघितलं. पहिल्यांदा ऐकताना आपण आवाजाच्या गोडीत असतो. दुसऱ्यांदा कळतं की ते श्वास कुठं घेतात ते ऐकूच येत नाही आणि तीन मिनिटांची मुदत असूनही कुठं घाई नाही. हे मी आधी सांगितलं असतं तर फुकट गेलं असतं. असली तबकडी ऐकून लहानगा भीमसेन घर सोडून गाणं शोधत निघाला होता. ते वेड का लागलं असेल, हे श्रोत्याला स्वतःच्या कानांनी कळलं पाहिजे, मी सांगून नाही.

ठेकाअण्णा, आवर्तनं मोजायची युक्ती वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलीय. कानडी आवाज झाकणार नाही, ठरलं. धारवाडच्या भागात दासवाणी आणि संतवाणी एकापाठोपाठ लावायचीच. वकीलताईंनी सांगितलंय त्याप्रमाणे त्या ध्वनिमुद्रणांसाठी कंपनीची परवानगी काढायला आजच पत्र लिहिते. मिळाली तर नेटवरही जाईल, नाही मिळाली तर हवेतून तरी जाईल. आमचं केंद्र शंभर वॅटच्या मर्यादेतलं, बेळगाव आणि आसपासची गावं एवढाच आवाका. मिरजेच्या माणसाला मिरजेचा भाग ऐकू यायचा तर नेटशिवाय उपाय नाही, म्हणून परवानगीचा खटाटोप करणंच भाग आहे.

गोकाकच्या दादा, पारिजाताबद्दल तुझे उपकार. घटप्रभेला काय लावायचं या काळजीत होते. रीलही कर, आनंदानं. पण ओव्यांखाली बासरी नको. मी त्याला तयार होणार नाही. या बायका कुणाला ऐकवायला म्हणून गात नव्हत्या. पहाटे दळताना हात चालावा म्हणून, आणि दिवसभर ज्याचं नाव काढता येत नव्हतं ते बोलता यावं म्हणून गात होत्या. त्यांची साथ जातंच करतं. जातं फिरतं त्या वेगानं ओवी जाते, खुंटा जड झाला की शब्द लांबतो. त्याखाली बासरी घातली की ती ओवी राहत नाही, सिनेमातला प्रसंग होतो.

तुमच्यापैकी कुणी असं ध्वनिमुद्रण करणार असेल तर थोडं कामाचं सांगते. जात्याची घरघर फोनला फार मोठी ऐकू येते आणि आवाज बुडतो. मायक्रोफोन जात्याकडे नको, गाणारीच्या खांद्यामागून तिच्या तोंडाच्या उंचीला धरा. पंखा बंद करा, फ्रीजसुद्धा. ओव्या झाल्या की कुणीही न बोलता नुसतं जातं एक-दोन मिनिटं फिरवून ते वेगळं घ्या, जोडकामाला त्याचा फार उपयोग होतो. वडगाव-शहापूरकडे करणार असाल तर मागाची सुट्टी बघून जा, यंत्रमाग सुरू असला की काहीच हाती लागत नाही. आणि दोघींना बसवा. एकटी बाई चार ओव्यांनंतर थांबते, समोर दुसरी असली की एकीची संपायच्या आत दुसरीला आठवते. आता जातं बहुतेक घरांत लग्नाच्या हळदीपुरतंच बाहेर येतं, त्यामुळे कुणाच्या घरी कार्य आहे ते आधी कळलं तर मला जरूर कळवा.

गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रात लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर गाणारीचं नाव आणि गाव सांगून ऐकवल्या जातात. ती पद्धत मला फार आदराची वाटते. माझ्या कार्यक्रमातही ओवीच्या आधी बाईचं नाव येणार, पण माझ्या तोंडून नाही, तिच्याच आवाजात. संमती घेताना ती जे म्हणते तेच पुढे लावायचं ठरवलंय, वकीलताई.

एक गोष्ट राहिली. काही ऐकणारे मला म्हणतात, सीमेचा विषय घेऊनही तुम्ही वादावर बोलत नाही. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, द्यायच्या तर आकाशवाणीच्याच द्याव्या लागतात, हे एक. पण तो नियम नसता तरी या मालिकेत मी ते आणलं नसतं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं गुर्लहोसूर बेळगाव जिल्ह्यातलं. मराठी संगीत नाटक पुण्यात १८८० ला उभं राहिलं, ते उभं करणारा माणूस इथला. हे ऐकवताना मला कुणाविरुद्ध काही सिद्ध करायचं नाही. माझ्या गावच्या पोरांना आपण कशाच्या शेजारी राहतो ते ऐकू यावं, एवढ्यासाठी मी हे करतेय.

मिरजेचे दादा, तुमच्याकडे यायचंच आहे. दुकानात रहदारीचा आवाज कमी असेल अशी वेळ सांगा. दर्ग्यातल्या चिंचेखाली खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जो संगीत महोत्सव होतो, त्याचंही थोडं घ्यायचंय.

आता मला पुढच्या स्टेशनांची चिंता आहे. मिरज आणि घटप्रभा यांच्यामधे मोठ्या गवयांची नावं मला सापडत नाहीत, आणि नुसती नावांची मालिका मला करायचीही नाही. कुडची, रायबाग, चिकोडी रोड इथं काय ऐकावं? भजनी मंडळ, चौंडकं, सनई, काहीही चालेल.

तारकाम_मिरज:

पहाटे सहाला या ताई. आमच्या गल्लीत सातपर्यंत शांत असतं. जवारी काढायला ठेवलेला एक तंबोरा तुमच्यासाठी तसाच ठेवतो.

रायबागची_सून:

कुडची आणि रायबागच्या मधलं चिंचली स्टेशन सोडू नका. मायाक्का देवीची यात्रा माघात असते, दोन्ही राज्यांतले धनगर बैलगाड्या घेऊन येतात. एका तळावर मराठीत सुंबरान, म्हणजे धनगरांचं देवाचं गाणं, चाललेलं असतं, पलीकडच्या तळावर कानडीत डोळ्ळिन पद, म्हणजे ढोलावरची गाणी, आणि ढोल दोन्हीकडे. यात्रेच्या मुख्य दिवशी काही ऐकू येणार नाही, इतकी गर्दी असते. आधीच्या संध्याकाळी या, तळ पडत असतात, माणसं निवांत असतात, विचारलं तर गाऊन दाखवतात. आमचं घर स्टेशनजवळच आहे, उतरायची सोय होईल. सासूबाईंना ओव्या येतात, जातंही आहे. पण त्या एकट्या गाणार नाहीत, शेजारच्या काकूंना बोलवावं लागेल.